सहा मीटरचा उंचवटा

सकाळी साडेनऊला थोरलीचा फोन आला आणि पहिल्या शब्दापासूनच ती खुशीत होती.

"अगं, ऐकलंस का? वीजवाल्यांनी काल मागची झाडं उतरवली. तारांना लागत होती म्हणे. रांगच्या रांग साफ! आणि काय सांगू तुला, खिडकीतून नदी दिसते. सासूबाईंना तर खाटेवर पडल्या पडल्या दिसते. सकाळपासून त्यांनी मान वळवलेली नाही."

धाकटी नुकतीच कार्यालयात येऊन टेबलाशी बसली होती. "वा, छान" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"नदी दिसते?"

"दिसते म्हणजे काय, पाणी दिसतं! पलीकडे कोणी कपडे धूत असेल तर तेही दिसेल."

"आणि मधला उंचवटा?"

"कसला उंचवटा?"

"अगं, झाडं होती ना, त्यांच्या खालचा. लांबलचक."

"इथे कुठला आलाय उंचवटा? सपाट तर आहे. बुंधे दिसतायत नुसते." थोरली हसली. "तुझ्या कॉम्प्युटरमध्ये असेल."

तिने हे गमतीत म्हटलं होतं. काहीतरी कारण सांगून धाकटीने फोन ठेवला, उठली, दारापर्यंत गेली, परत आली, बसली आणि पुन्हा उठली. चहाचा कप तिने दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा न पिताच खाली ठेवला.

धाकटी नगरपालिकेच्या नकाशा विभागात होती. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक मोठा पडदा, साहेब आणि ती. कार्यालयात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. पाइप कुठून न्यायचा, रस्ता किती रुंद आहे, कोणाचं कुंपण कोणाच्या हद्दीत घुसलंय, असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. चूक शोधून काढणारी बाई असं तिचं नाव होतं, आणि ते नाव तिला आवडायचं, हे कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी गावावरून विमान फिरवून जमिनीची उंची मोजली गेली. वरून किरण सोडायचे, ते खाली आपटून परत येतात, त्यावरून उंची कळते. अशा कोट्यवधी ठिपक्यांच्या दोन फायली तिच्याकडे आल्या होत्या. एकीत किरण वरून सगळ्यात आधी ज्याला लागला त्याची उंची होती, म्हणजे घरांची छपरं, झाडांचे शेंडे, पाण्याच्या टाक्या. दुसरीत झाडं-घरं वजा करून उरलेली उघडी जमीन. पुराचं गणित करायचं ते दुसरीवर. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी पूर-समितीची सभा होती. नदीकाठी संरक्षक भिंत बांधायची होती, पण यंदा मंजूर होती चारशे मीटरच. म्हणजे एक तर ती बाजाराच्या बाजूला होणार, नाहीतर खालच्या आळीच्या मागे. सभेला काय दाखवायचं यावर साहेबांनी आदल्या दिवशी फर्मान काढलं होतं. "नकाशेबाई, ते त्रिमितीतलं करा. उघडीबोडकी जमीन दाखवू नका, लोकांना काही कळत नाही. घरं दिसली पाहिजेत. माणसाला आपलं घर दिसलं की नकाशा पटतो."

मग तिने पहिली फाइल उघडली. उंची पाचपट केली, कारण सपाट गाव जसंच्या तसं उभं केलं तर ते जेवणाच्या ताटासारखं दिसतं आणि समितीला जांभया येतात. पाचपट केल्यावर घरं झकास उभी राहिली, पण मधली मोकळी जागा फार खडबडीत, काटेरी दिसायला लागली. म्हणून घरं सोडून बाकी सगळ्यावर तिने गुळगुळीत करायचं साधन फिरवलं, कपड्यावर इस्त्री फिरवावी तसं. वर हवाई छायाचित्र पांघरलं. खालच्या आळीच्या मागे, नदीच्या आणि घरांच्या मधोमध, एक लांब, हिरवागार, सुबक उंचवटा उभा राहिला. सहा मीटरचा. पाचपट केलेला, म्हणजे पडद्यावर तीस मीटरची टेकडीच.

सगळ्यांनी माना डोलावल्या. खालच्या आळीला निसर्गानेच भिंत दिलीय, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. भिंत बाजाराच्या बाजूला बांधायची ठरलं. आणि धाकटीने त्याच संध्याकाळी थोरलीला फोन करून सांगितलं होतं, "ताई, तुझ्या मागे सहा मीटरचा उंचवटा आहे. निर्धास्त राहा." थोरली निर्धास्त झाली. सासूबाईंना उठता येत नव्हतं, त्यांना वर-खाली करताना नवरा-बायकोच्या कमरेचे काटे ढिले व्हायचे. तिने त्यांची खाट वरच्या मजल्यावरून खाली, मागच्या खोलीत आणली. नदीच्या बाजूच्या.

आता धाकटीने दुसरी फाइल उघडली. उघडी जमीन. खालची आळी आली, नदी आली. मध्ये काहीच नव्हतं. माउस फिरवून तिने नदीच्या बाजूने पाहिलं, घरांच्या बाजूने पाहिलं, उंची पाचपटीची दहापट केली. उंचवटा नव्हता. त्या आळीला माणसं कित्येक पिढ्या खालची आळी म्हणत आली होती आणि शिकल्यासवरलेल्या बाईने पडद्यावर टेकडी पाहून ती खरी मानली होती. झाडांचे शेंडे खडबडीत होते, ती त्यांची ओळख होती. तीच तिने इस्त्री करून घालवली होती.

आणि हे तिला एका माणसाने सांगितलंही होतं. सभेच्या दिवशी घरी तिने अण्णांना ते चित्र कौतुकाने दाखवलं होतं. अण्णा म्हणजे तिचे वडील. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात लेव्हलचं यंत्र खांद्यावर घेऊन वणवण केलेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "इथे उंचवटा? मी तिथे उभा राहिलोय. सपाट आहे." त्यावर ती म्हणाली होती, "अण्णा, तुमचा जमाना गेला. हे विमानातून मोजलंय." ते आठवून आत्ता खोलीत कोणी नसतानाही तिचे कान गरम झाले.

आणखी एक गोष्ट तिने केली आणि लगेच वाटलं की उगीच केली. तिने उघड्या जमिनीवर बाजाराची बाजू आणली, आपली गल्ली शोधली, आपल्या घराच्या दारावर बाण ठेवला. आकडा आला. दारापुढच्या पायरीची उंची तिने मनातच त्यात मिळवली आणि घर काठापेक्षा किती खाली ते काढलं. मग तो आकडा कुठेही न लिहिता तिने चित्र बंद केलं.

साहेब दहाला आले. डबा खुंटीला अडकवेपर्यंतसुद्धा तिने त्यांना दम घेऊ दिला नाही.

"साहेब, माझी चूक झालीय. खालच्या आळीमागे उंचवटा नाही. ती झाडं होती."

साहेब खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग हळूच उठून दार लावून घेतलं.

"नक्की?"

"नक्की."

"आज चारला ठरावावर सह्या आहेत."

"म्हणून तर सांगतेय."

"अहो बाई, मागच्या सभेत एक चित्र दाखवलं. आज दुसरं दाखवायचं. लोक म्हणतील, यांच्याकडे चित्रांना तोटा नाही, उद्या तिसरं आणतील! आणि तो व्यापारी सभासद? तो तर आपल्याला सोलून काढेल." ते रुमालाने कपाळ पुसायला लागले. "पुढच्या वर्षीच्या भिंतीत बघू ना खालच्या आळीचं."

"आणि यंदा पाणी आलं तर? दोन वर्षांपूर्वी काठाला वीतभर उरलं होतं."

साहेबांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "मोजून आणा. जागेवर. विमान नको, चित्र नको. पट्टी लावून मोजलेला आकडा असेल तर मी सभेत कागद ठेवतो. नसेल तर मी मूग गिळून बसणार, आधीच सांगतो."

"आपली मोजणीची माणसं?"

"धरणावर गेलीत. शुक्रवारी येतील."

आज मंगळवार होता. धाकटी पर्स घेऊन जिन्याकडे धावली. खाली पोचल्यावर लक्षात आलं, मोबाइल टेबलावरच राहिला. परत वर आली. पुन्हा खाली. पायाला भिंगरी लागली होती नुसती. रिक्षात बसल्यावरही तिचे गुडघे हलत होते, आणि रिक्षावाल्याने आरशातून दोनदा विचारलं, "दवाखान्यात का?"

घरी अण्णा खिडकीशी बसून रेडिओचं झाकण उघडून काहीतरी करत होते. वय चौऱ्याहत्तर. उजवा हात थोडा कापायचा, पण ते मान्य करायचे नाहीत. वारं आहे, म्हणायचे.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झाडं, फायली, इस्त्री, सासूबाईंची खाट. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी फुटला. "अण्णा, तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही."

आता ते टोमणा मारतील म्हणून ती थांबली. मारला असता तर बरं वाटलं असतं तिला. अण्णांनी रेडिओचा स्क्रू बशीत ठेवला, उठले आणि कपाटाखालून लाकडी पेटी ओढायला वाकले.

"पट्टी माडीवरच्या फळीवर आहे," ते म्हणाले. "तू काढ. माझा हात पोचत नाही."

पेटीत लेव्हलचं यंत्र होतं. एक दुर्बीण, तिपाईवर बसवायची आणि बुडबुडा मधोमध आणायचा, की ती अगदी आडवी पाहते, केसभरही वर नाही की खाली नाही. समोर कोणीतरी आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरायची. आडव्या रेघेवर जो आकडा दिसेल तो वाचायचा. जमीन जितकी खाली, तितका आकडा मोठा. बस, एवढंच. निवृत्त होताना अण्णांनी ते जुनं यंत्र मोडीत निघू दिलं नव्हतं, दर महिन्याला पेटी उघडून ते पुसत. लहानपणी सुट्टीच्या दिवसांत दोघी बहिणींनी हीच पट्टी धरलेली होती, आळीपाळीने, हात भरून येईपर्यंत.

रिक्षात पट्टी आडवी बसेना. अण्णांनी ती बाहेर काढून धरली आणि मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला दटावत सगळा रस्ता पार केला. त्यांना मजा येत होती, हे धाकटीला दिसत होतं आणि तिला त्याचा राग येत होता. ती दर मिनिटाला घड्याळ पाहत होती.

थोरली दारातच उभी होती. "हे काय, वरात कुठे निघाली?"

"ताई, पट्टी धरायचीय."

"मी? पन्नाशीची झाले मी!"

"पट्टीला वयाचं काय," अण्णा म्हणाले. "सरळ धरता आली म्हणजे झालं."

धाकटीने तिला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. थोरलीचं हसू मावळलं. तिने मागच्या खोलीकडे पाहिलं. सासूबाई खाटेवर कुशीवर होत्या, डोळे खिडकीबाहेर. पाणी उन्हात चमकत होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या वरच्या मजल्यावर होत्या, तिथून काहीच दिसत नव्हतं, पण तिथवर पाणीही पोचलं नसतं.

"तू तर म्हणालीस निर्धास्त राहा," थोरली हळू आवाजात म्हणाली.

"म्हणाले."

"मी रात्री पाण्याचा कानोसा घ्यायचंसुद्धा सोडलं गं आता."

धाकटीला रडू येत होतं, पण अकरा वाजून गेले होते आणि रडायला वेळ नव्हता.

बुंध्यांच्या रांगेशी, नदी आणि घर यांच्या मध्यावर, अण्णांनी तिपाई रोवली. बुडबुडा मधोमध यायला एरवी त्यांना अर्धं मिनिट लागायचं. आज पाच मिनिटं लागली, कारण हात कापत होता आणि तो धाकटीने धरलेला त्यांना चालत नव्हता. "वारं आहे," ते म्हणाले. पान हलत नव्हतं.

आधी थोरली नदीच्या काठावर, अगदी कडेला, पट्टी घेऊन उभी राहिली.

"सरळ धर!" अण्णा ओरडले. "डावीकडे कलतेय!"

"धरलीय की सरळ!"

"अजून कलतेय!"

"चाळीस वर्षांत माझं कधी कौतुक केलं नाही यांनी," थोरली नदीला सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, "पट्टी मात्र सरळ हवी."

"एक बारा," अण्णा दुर्बिणीत पाहत म्हणाले. एक मीटर बारा सेंटीमीटर. धाकटीने वहीत लिहिलं. मग त्यांनी तिला बोलावलं. "तूही बघ. माझ्या डोळ्यांवर विसंबू नकोस." तिने पाहिलं. एक बारा.

मग थोरली बुंध्यांशी आली. एक तीस. म्हणजे ज्या जागी धाकटीने सहा मीटरचा उंचवटा उभा केला होता, ती जागा काठापेक्षा अठरा सेंटीमीटर खालीच होती. दुर्बिणीवरून डोळा काढून अण्णांनी त्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मग धाकटीकडे पाहायचं टाळलं.

शेवटी थोरली आपल्याच उंबऱ्यावर उभी राहिली, आत सासूबाईंची खाट, बाहेर पट्टी.

"एक चौऱ्याहत्तर."

धाकटीने वजाबाकी केली. पुन्हा केली. बासष्ट सेंटीमीटर. नदी काठावरून ओसंडली की थोरलीच्या घरात मांडीएवढं पाणी. खाटेची उंची पन्नासच्या आसपास असेल.

"किती आलं?" थोरलीने लांबून विचारलं.

"खाट आजच्या आज वर ने," धाकटी ओरडली.

परतताना अण्णा रिक्षात म्हणाले, "भिंत एकाच बाजूला होणार ना?"

"हो."

"म्हणजे इकडे आली की बाजाराला नाही."

"नाही."

"हं," अण्णा म्हणाले आणि पट्टी सांभाळत बाहेर पाहत राहिले. धाकटीच्या जिभेवर सकाळचा आकडा आला होता. तिने तो गिळला. त्यांना या वयात कशाला घोर लावायचा, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते अर्धंच खरं होतं. त्यांनी तो ऐकून "मग राहू दे" म्हटलं असतं, तर चारच्या सभेत आपली जीभ उचलली असती का, याची तिला खात्री नव्हती.

चार वाजता सभागृहात सात सभासद, अध्यक्षबाई मधोमध. साहेब कोपऱ्यात, हातात मोजणीची वही, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. धाकटीने पडदा लावला तेव्हा तिच्या हातून माउस एकदा खाली पडला.

"अहो, घरं कुठे गेली?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मागच्या वेळी घरं दिसत होती."

"घरं काढली. झाडंही काढली. ही नुसती जमीन आहे."

"आणि आळीमागचा उंचवटा?"

"तो नव्हताच," धाकटी म्हणाली. "ती झाडं होती. मी चुकीची फाइल लावली. ती खडबडीत दिसत होती म्हणून गुळगुळीत केली, आणि वर उंची पाचपट केली. चूक माझी आहे. आज ही उंची एकपटच आहे, जशी आहे तशी. म्हणून ताटासारखं दिसतंय. आपलं गाव असंच आहे."

सभागृहात कुजबुज झाली. तिने पडद्यावर निळा थर आणला, पाण्याचा, आणि तो नदीपासून दहा-दहा सेंटीमीटरने वर चढवत गेली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा काठ बुडाला आणि निळा रंग बुंध्यांच्या जागेवरून सरळ आळीत शिरला, एकशे चाळीस घरं, शाळा. पुढच्या टप्प्याला बाजाराच्या बाजूचा काठही बुडाला. तिथेही निळं झालं. तिने ते लपवलं नाही.

"म्हणजे बाजारही बुडतोच की!" व्यापारी सभासद उठले. त्यांचं दुकान बाजारात होतं. "मग ठरलेलं का बदलायचं?"

"आळीत आधी शिरतं आणि जास्त चढतं. आणि तिथे जमिनीवर झोपणारी माणसं जास्त आहेत."

"बाई, एक विचारू? रागावू नका." त्यांचा आवाज गोड झाला, तेव्हाच तिने ओळखलं. "खालच्या आळीत तुमचं कोणी राहतं का?"

"बहीण राहते."

"बघा!" ते सगळ्यांकडे वळले. "मी काही बोलत नाही. बघा म्हणजे झालं."

आपण आता काहीही बोललो तरी ते खोटंच वाटेल, असं धाकटीला वाटलं. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे राहता?"

"बाजारात. तांबटांच्या गल्लीत."

"म्हणजे जिथे भिंत यायचीय तिथे?"

"हो. तिथेच."

व्यापारी सभासदांनी खुर्ची मागे सरकवली, पुढे सरकवली. मग कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. साहेब उभे राहिले होते. त्यांनी वही उघडली, तिन्ही आकडे वाचले, अगदी सेंटीमीटरसकट, आणि वही मिटताना म्हणाले, "घरं दिसली पाहिजेत, असं मी सांगितलं होतं. बाईंनी ती फाइल माझ्यामुळे लावली." एवढं बोलून ते बसले आणि रुमाल शोधायला लागले. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीतलं हे सगळ्यात धाडसी वाक्य असावं.

हात वर झाले. चार विरुद्ध तीन. भिंत खालच्या आळीमागे. बाजाराचं पुढच्या वर्षी पाहू. नकाशेबाईंनी झालेल्या चुकीचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. थोरलीचा फोन येऊन गेला होता. खाट वर नेली, शेजाऱ्यांनी हात लावला, सासूबाई रुसल्यात, रस्त्याकडच्या वरच्या खोलीतून नदी दिसत नाही म्हणतात. धाकटी हसली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिचे गुडघे हलायचे थांबले. पण ते पायरीपर्यंतच. पायरीवर पाय ठेवला आणि सकाळचा आकडा पुन्हा डोळ्यांपुढे आला.

दार उघडंच होतं. आत अण्णांनी कपाटाचा खालचा खण रिकामा केला होता. आईचा फोटो, औषधांचा डबा, घराची कागदपत्रं, सगळं टेबलावर मांडलेलं. दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून गुडघ्याच्या थोडं खाली, पेन्सिलीची आडवी रेघ होती. अगदी सरळ.

"अण्णा, ही रेघ कसली?"

टेबलावरची एक जुनी, पिवळी पडलेली मोजणीची वही अण्णांनी तिच्याकडे सरकवली. मधलं पान उघडं होतं. त्यांच्याच नोकरीच्या काळातल्या अक्षरात, कापरं नसलेल्या, घराचा पत्ता आणि एक आकडा. काठापेक्षा त्रेचाळीस सेंटीमीटर खाली.

"घर घेतलं तेव्हा मोजलं होतं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. तुझी आई म्हणाली, घर घेताना लोक पूजा करतात, तुम्ही पट्टी लावा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? येताना रिक्षात?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सभेत अडखळली असतीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तू का नाही बोललीस?"

ती दचकली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, ते काच पुसत होते.

"सकाळपासून तू माझ्याकडे बघतेयस आणि दाराकडे बघतेयस. मला कळत नाही का? किती दाखवतंय तुझं विमान?"

"पंचेचाळीस," धाकटी म्हणाली.

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वहीतला आकडा पाहिला, मग चौकटीवरची रेघ पाहिली.

"दोनच सेंटीमीटरचा फरक," ते म्हणाले. "तो तर उंबरा झिजला असेल. यंत्र चांगलं आहे तुझं."

एवढं बोलून ते लोखंडी ट्रंकेपाशी गेले आणि वाकून एक कडी पकडली. ट्रंक माडीवर चढवायची होती. त्यांचा उजवा हात कापत होता, आणि या वेळी ते वाऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

"धर त्या टोकाला," ते म्हणाले. "आणि सरळ धर."